डबल दिल्यावर गाडी थांबत नाही

महिपतमामा गोताड एसटीत बत्तीस वर्षं कंडक्टर होते, आणि त्या बत्तीस वर्षांत डबल दिल्यावर त्यांनी गाडी एकदाही थांबवली नाही. एक बेल म्हणजे थांब, दोन बेल म्हणजे चल. सिंगल आणि डबल. बाकी जगात काय वाट्टेल ते चालो, रत्नागिरी-जयगड गाडीत हे ब्रह्मवाक्य. डबल वाजली की मागून कोणी हाका मारत येवो, छत्री हलवो, नाहीतर सात पिढ्यांचा उद्धार करो, गाडी जाणार म्हणजे जाणार. एकदा खुद्द मामांचे सासरे खांद्यावर फणस घेऊन गाडीमागे धावत होते. मामांनी हाक ओळखली, मागे न बघता हात जोडून नमस्कार केला, आणि गाडी वळणाआड गेली. तो फणस काही घरी पोचला नाही. सासरे पुढची दोन वर्षं पोचले नाहीत.

नवीन कंडक्टर हाताखाली आला की मामा त्याला पहिला धडा हाच द्यायचे. "डबल दिली ना, की मागं बघायचं नाय. मागं बघणारा कंडक्टर गाडी लेट करतो."

असा हा कडक माणूस घरी नातीपुढे मात्र लोण्यासारखा वितळायचा. सानवी दहा वर्षांची. जन्मापासून तिला दिसत नाही. उजेड कुठे आणि सावली कुठे, एवढंच कळतं. निवृत्त झाल्यापासून मामांची तिच्यापाशी चोवीस तासांची ड्यूटी लागली होती. तिने मागायच्या आधी पाण्याचा पेला हातात, चपला पायात, बांगड्याचे काटे काढून ताटात. एकदा तिला शिंक येतेयसं वाटलं म्हणून मामा नाकापुढे रुमाल धरून बसले. बराच वेळ बसले. शिंक आलीच नाही.

"आबा, मला हात आहेत," सानवी सांगायची.

"आहेत ना, बाय माझी. पण त्यांना कशाला त्रास?"

ती लहान असताना दोघं पडवीतल्या बाकड्यावर एसटी-एसटी खेळायची. मामा ड्रायव्हर आणि सानवी कंडक्टर. बेलची दोरी कुठून आणणार? पण मामांनी तिला सांगितलं होतं की, गाडीतली दोरी तुटली तर कंडक्टर तिकिटं टोचायचा पंच लोखंडी दांड्यावर आपटून बेल देतो. मग सानवी पडवीच्या खांबावर पितळी पेला आपटायची. एकदा आपटला की मामा थांबायचे, दोनदा आपटला की तोंडाने घर्रघर्र करत निघायचे. तो जुना पंच निवृत्तीनंतरही मामांच्या खिशात असायचा. जीव घाबरा झाला की त्यांचा हात आपोआप खिशात जायचा आणि कट्-कट्, कट्-कट् सुरू व्हायचं. त्यांना स्वतःला ते ऐकू येत नसे.

सानवीने चौथी संपवली आणि पंचाईत झाली. वाडीतली शाळा चौथीपर्यंतच. पाचवीपासून मालगुंडचं हायस्कूल, म्हणजे एसटीने पाच थांबे. मामांचा मुलगा विनीत मुंबईला नोकरीत. सून मृणाली आंब्याच्या कॅनिंगच्या कारखान्यात, सकाळी सातला घर सोडणारी. एप्रिलात एका संध्याकाळी मृणालीने ताटं वाढता वाढता निकाल देऊन टाकला.

"आबा, तुमचे गुडघे गेलेत. मला सुट्टी मिळत नाय. ह्यांनी मुंबईत अंध मुलींचं वसतिगृह बघून ठेवलंय, चांगलं हाय म्हणतात. मे संपायच्या आत सानवी एकटी, घरापासून शाळेच्या दारापर्यंत जाऊन दाखवेल तर इथं राहील. नायतर जाईल मुंबईला, आणि येईल गणपतीला नि दिवाळीला."

"एवढंच ना," मामा म्हणाले.

"एवढंच नाय. एकटी म्हणजे एकटी. तुम्ही मध्ये दिसलात तर ती नापास."

वसतिगृह चांगलं असेल, मामांना त्याबद्दल शंका नव्हती. त्यांना वेगळीच धास्ती होती. रोज संध्याकाळी सानवी त्यांच्या मांडीला टेकून बसायची आणि विचारायची, "आबा, आज गाडीत काय झालं?" गाडी सुटून पाच वर्षं झाली होती, तरी मामा रोज नवीन काहीतरी रचून सांगायचे. ती मुंबईला गेली तर हे कोणाला सांगायचं? खांबाला?

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी कंबर कसली. पोरीला शिकवायचं, आणि शिकवायचं ते आपणच. आयुष्यभर माणसांना मुक्कामावर पोचवलंय, घरच्या एका पोरीची काय कथा?

गोताडांचं घर वर टेकाडावर आणि रस्ता खाली. मध्ये चिऱ्याची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची उतरती वाट. सानवी नीट उतरते की नाही ते बघता यावं म्हणून मामा तिच्या पुढे, तिच्याकडे तोंड करून, उलटे उतरू लागले. त्यात त्यांना वावगं काहीच वाटलं नाही. बत्तीस वर्षं गाडीत ते असेच उभे होते, गाडी पुढे जातेय आणि आपलं तोंड प्रवाशांकडे. त्यामुळे त्यांचा उजवा आणि जगाचा उजवा यांचं कधी जमलंच नव्हतं.

"उजवीकडे घे," मामा म्हणाले. सानवी उजवीकडे वळली ती करवंदीच्या जाळीत.

"अगो, उजवीकडे म्हटलं ना!"

"मी उजवीकडेच आलेय आबा. काटे पण उजवीकडचेच लागलेत."

"ती नव्हे, माझी उजवी!"

"मग माझी कुठली?"

मग मामांनी ठरवलं की उजवं-डावं सोडून द्यायचं आणि नुसतं "इकडे" म्हणायचं. आंधळ्या पोरीला "इकडे" म्हणण्यात काय अर्थ आहे, हे त्यांना पाखाडीच्या तळापर्यंत सुचलं नाही. तळाशी रस्त्याकडेचं गटार होतं.

"आता जपून हां," मामा उलट्या पावलांनी मागे सरकत म्हणाले. "पुढं गटार हाय. अजून दोन पावलं. अजून एक..."

आणि मामांचा आवाज एकदम खालून आला. सानवीने हातातली काठी पुढे टेकवली, तिला कड लागली, ती थांबली.

"आबा, गटार आलं."

"म्हाईत हाय मला," मामा आतून म्हणाले.

एप्रिल महिना, गटार कोरडं, म्हणून निभावलं. त्या रात्री मृणालीने सासऱ्याच्या कमरेला तेल चोळलं, आणि सकाळी शाळेतून नंबर घेऊन हर्षद सरांना फोन लावला.

हर्षद सर म्हणजे दिव्यांग मुलांना शिकवायला गावोगावच्या शाळांतून फिरणारे विशेष शिक्षक. ते रत्नागिरीहून एसटीने आले, एकटेच. त्यांना स्वतःला अजिबात दिसत नव्हतं. पांढरी काठी टक्-टक् करत ते पाखाडी चढले आणि अंगणात येऊन म्हणाले, "सत्तावन्न पायऱ्या. तेविसावी फुटकी आहे, बदलून घ्या."

मामा जन्मापासून त्या पायऱ्या चढत-उतरत होते. तेविसावी फुटकी आहे हे त्यांना आज कळलं.

"या मास्तर, बसा," मामा म्हणाले, आणि सरांचा दंड धरून त्यांना खुर्चीकडे ओढू लागले. सर जागच्या जागी थबकले.

"हा आवाज... तुम्ही महिपत कंडक्टर."

"ओळखलंत?" मामांची कळी खुलली.

"बारा वर्षं झाली, पण तुम्हाला विसरणं शक्य नाही."

मामा सुनेकडे ऐटीत बघू लागले. सरांनी मग गोष्ट सांगितली. नोकरीची सुरुवात होती, सर याच रस्त्यावर एका वाडीत खोली घेऊन राहायचे. थांब्यावर उतरलं की वीस पावलं सरळ, विजेच्या खांबाला हात लावून डावीकडे वळायचं, की घर. एके दिवशी कंडक्टरला त्यांची दया आली. थांब्याच्या अलीकडेच सिंगल देऊन तो म्हणाला, "मास्तर, थांब्यापर्यंत कशाला, दारात थांबवलीय तुमच्या. उतरा सावकाश." सर उतरले. डबल वाजली. सरांनी हाका मारल्या, पण गाडी गेली.

"ते माझं दार नव्हतं. काजूच्या बागेचं बेडं, कुंपणाचं फाटक होतं. दीड तास मी त्या बागेत फिरत होतो. शेवटी एका म्हशीच्या गळ्यातल्या घंटेमागून चालत वस्तीत पोचलो. म्हशीने मात्र उगाच कुठे थांबवलं नाही."

मृणाली पदर तोंडाला लावून आत पळाली. मामा खाली बघत म्हणाले, "मी आपलं चांगल्या मनानं..."

"ते मला ठाऊक आहे हो. पण मला थांबा ठाऊक होता. तुमचं दार ठाऊक नव्हतं." मग सर हसले आणि सानवीकडे वळले. "चल सानवी, आपण थांबा शिकू."

पुढचे पाच आठवडे सर दर शनिवारी-रविवारी यायचे, आणि मामांना पडवीतून हलायची बंदी होती. सानवी पायऱ्या मोजायला शिकली. काठीने गटाराची कड शोधायला शिकली. गाडीतून थांबे कसे ओळखायचे तेही शिकली: ओढ्यावरच्या साकवावरून जाताना गाडी पोकळ वाजते, मग सुकत घातलेल्या मासळीचा वास, मग भातगिरणीची धडधड, मग दोन गचके, म्हणजे दोन स्पीडब्रेकर. दुसऱ्या गचक्यानंतर हायस्कूलचा थांबा. उतरलं की डाव्या हाताला चिऱ्याचा गडगा, म्हणजे बुटकी दगडी भिंत, त्याच्या कडेने चाळीस पावलं, की शाळेचं लहान दार. घरी ती चपला स्वतः शोधू लागली, बांगड्याचे काटे स्वतः काढू लागली. एकदा काटा घशात अडकला. मामा फिट आल्यासारखे खांबाला धरून बसले. सानवीने भाताचा मोठा गोळा गिळला आणि पुढचा बांगडा ओढला.

मामांनी एकदाच बंदी मोडली. सानवी एकटी दुकानात साखर आणायला निघाली होती. मामा अनवाणी, दबक्या पावलांनी, वीस हात अंतर ठेवून मागे. तेराव्या पायरीवर ती थांबली आणि मागे न वळता म्हणाली, "आबा, घरी जा. खिसा वाजतोय."

मे महिन्याचा शेवटचा शनिवार परीक्षेचा ठरला. मृणाली सुट्टी काढून हर्षद सरांबरोबर शाळेच्या लहान दारात उभी राहणार होती, आणि मामा घरात बसणार होते. तसं त्यांनी देवाच्या फोटोपुढे कबूल केलं होतं.

आता मामा काही खोटारडे नव्हते. पण माया वाईट असते. आदल्या दिवशी त्यांनी सागरला फोन केला. सागर हा त्यांच्याच हाताखाली तयार झालेला कंडक्टर, आता त्याच गाडीवर. "सागर, उद्या माझी नात एकटी येतेय. थांब्यापर्यंत नेऊ नको तिला. अलीकडे शाळेचं मोठं फाटक हाय ना, तिथं दारातच उतरव." काजूची बाग त्यांना त्या क्षणी आठवायला हवी होती. नाही आठवली.

आणि शनिवारी सकाळी ते स्वतःही गाडीत होतेच. अलीकडच्या थांब्यापर्यंत चालत जाऊन तिथून चढले होते. डोक्याला पंचा गुंडाळलेला, डोळ्यांवर विनीतचा काळा गॉगल. पंच घरी ठेवला होता, एवढी अक्कल आली होती. गाडी चाकरमान्यांनी आणि त्यांच्या आंब्याच्या पेट्यांनी ठासून भरलेली. मामा दांडा चाचपत आत शिरले तशी एक जाडजूड बाई ओरडली, "अहो सरा, सरा, आजोबांना दिसत नाय वाटतं!" कोणीतरी दंडाला धरलं, कोणीतरी कमरेला. "मला दिसतं हो," असं म्हणेपर्यंत मामांना मागच्या सीटवर खिडकीपाशी दाबून बसवण्यात आलं. त्यांना मधल्या दारापाशी उभं राहायचं होतं. बाईने त्यांच्या हातात केळं सोलून दिलं. "खावा. साल काढलीय." मामांना हर्षद सरांची आठवण झाली, आणि त्यांनी निमूटपणे केळं खाल्लं.

पुढच्या थांब्यावर सानवी चढली. पाठीला दप्तर, हातात पांढरी काठी. पायरीवरच ती अडकली, कारण पुढे पेट्या आणि माणसं, आणि कोणी तसूभर हलेना. गाडी तशीच सुटायची लक्षणं दिसू लागली. मामांच्या तोंडून त्यांच्या नकळत, पोटातून आवाज निघाला.

"पुढे सरकाऽ! मध्ये जागा हाय! पुढे सरकाऽऽ!"

अख्खी गाडी दोन पावलं पुढे सरकली. सागर सुद्धा सरकला. मग त्याने चमकून मागे पाहिलं, पंचा पाहिला, गॉगल पाहिला, आणि समजून उमजून तिकिटं फाडू लागला. सानवीने मान जराशी कलती केली.

"एक मालगुंड हायस्कूल," तिने तिकीट घेतलं आणि दाराजवळचा दांडा धरून उभी राहिली. मामा तिच्या ओठांकडे बघत होते. साकव पोकळ वाजला, तिचे ओठ हलले. सुकटीचा वास आला, पुन्हा हलले. भातगिरण धडधडली. पहिला गचका बसला. आणि सागरने दोरी ओढली, टिंग.

गाडी थांबली. "उतर बाय," सागर प्रेमाने म्हणाला. "तुझी शाळा आली."

"एकच गचका झाला," सानवी म्हणाली. "हा थांबा नाही."

"थांबा नाय गो, पण शाळेच्या मोठ्या फाटकासमोर उभी केलीय खास तुझ्यासाठी."

"मग मी उतरणार नाही. मला थांब्यावरनं वाट ठाऊक आहे."

झालं, गाडीत चर्चा सुरू झाली. एक म्हणे पोर हट्टी आहे, एक म्हणे उचलून ठेवा खाली, सोललेलं केळं देणारी बाई तर पुढे येऊन तिचं दप्तर काढू लागली. मागच्या सीटवर मामांना दरदरून घाम फुटला. मोठं फाटक सुट्टीचं कुलूपबंद असणार, समोर सगळं अनोळखी, आणि मृणाली उभी पार पलीकडे लहान दारात. ही पोर इथे उतरली तर चुकणार. चुकली तर मुंबई. आणि हे सगळं आपल्या फोनमुळे. बत्तीस वर्षांत कोणा प्रवाशाचं केलं नाही एवढं वाटोळं आपण स्वतःच्या नातीचं केलं, असं वाटून त्यांना रडूच यायला लागलं. ओरडावं तर सानवी नापास. गप्प बसावं तर सानवी काजूच्या बागेत.

तेवढ्यात सानवीने काठी उलटी धरली आणि लोखंडी दांड्यावर मारली.

ठण्, ठण्.

ड्रायव्हर काशीराम निवृत्तीला आलेला माणूस. दोरी तुटल्यावर दांडा वाजतो हे त्याला पुरतं ठाऊक, आणि डबल म्हणजे डबल. त्याने गिअर टाकला. सागर "अरे अरे" करेपर्यंत गाडी निघाली, उभे होते ते बसले, दुसरा गचका बसला, आणि सानवीने दांड्यावर एकदाच काठी मारली. ठण्. गाडी थांब्यावर उभी.

ती काठी टेकत खाली उतरली. मामाही पंचा सावरत उठले. आता पोरीला नुसतं गडग्यापर्यंत सोडायचं, लांबूनच. पण सानवी गडग्याकडे गेली नाही. गाडीच्या पत्र्याला हात लावत ती मागच्या खिडकीखाली येऊन उभी राहिली.

"आबा, बसून राहा. आई बघतेय."

"म्हणजे हे आंधळे आजोबा तुझे?" बाईने खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारलं.

"आंधळे कुठले! त्यांना सगळं दिसतं. तोच तर त्रास आहे," सानवी म्हणाली, आणि तळहाताने पत्र्यावर दोन थापा मारल्या.

काशीरामने गाडी सोडली.

"मामा, सिंगल देऊ?" सागरने घाईघाईने विचारलं. दोरी मामांच्या डोक्यावरच होती. त्यांचा हात वर गेला, दोरी मुठीत आली. एक हिसका दिला की गाडी थांबली असती. मामांनी दोरी धरली, धरून ठेवली, आणि सोडून दिली.

"डबल झालीय ना," ते म्हणाले.

मात्र दुसरा नियम त्यांनी मोडला. गॉगल काढला, पंचा काढला, आणि मागच्या काचेला नाक लावून मागे बघत राहिले. बाई किंचाळली, "अगोबाई, दिसतं यांना!" पण मामांचं लक्ष नव्हतं. ते पुटपुटत मोजत होते. सानवीचा डावा हात गडग्यावर, उजव्या हातात काठी. सदतीस, अडतीस, एकोणचाळीस. चाळीसाव्या पावलाला ती वळली आणि लहान दारात तिच्या आईने तिला मिठी मारली. मामांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. ते त्यांनी पुसलं नाही, कारण पुसताना क्षणभर दिसलं नसतं.

वळण आलं. सागर तिकिटाचं मशीन घेऊन समोर उभा होता.

"मामा, तुमचं तिकीट हायस्कूलपर्यंतच होतं. आता कुठलं देऊ?"

"पुढचा जो थांबा असेल तो दे," मामा म्हणाले. "आणि थांब्यावरच उतरव रे बाबा. दारात नको."